मेणबत्त्यांचा मुकुट आणि खोबरेल तेल

सौद्यात मी सहसा हरत नाही. दिव्यांच्या माळा विकण्याचा माझा धंदा मी शून्यातून उभा केला आहे. चीनमधल्या कारखानदारांना मी भावासाठी घाम फोडला आहे, आणि इथल्या मॉलचे मॅनेजर मी केबिनमध्ये शिरले की आधी स्वतःसाठी पाणी मागवतात. दिवाळीला जी माळ मी केशरी खोक्यातून विकते तीच डिसेंबरात हिरव्या खोक्यातून जाते आणि चिनी नववर्षाला लाल खोक्यातून. यात फसवणूक काही नाही, माळ तिन्ही वेळा सारखीच लागते. पण एक सौदा मी हरले. चौदा वर्षांची असताना, सिंगापुरात, मरीन परेडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, सकाळी सहाच्या सुमारास, पूर्ण मोबदला आधी चुकवूनसुद्धा माल माझ्या हातातून गेला. त्याचा राग मला अजून आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. हल्ली घरात ही गोष्ट निराळ्याच पद्धतीने सांगितली जाते, म्हणून खरी हकीकत लिहून ठेवते.

बाबा बँकेत अकाउंटंट होते. बँकेनेच आम्हाला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट दिला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून, समुद्र दिसायचा. उभी ठेवलेली निळी फूटपट्टी असावी इतकाच. आई ओट्याशी उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि मधूनच त्या फटीतून जाणारं जहाज दिसलं तर "गेलं बघ" म्हणायची. समोरच्या घरातून संध्याकाळी लसूण आणि सुकी मासळी तळल्याचा वास यायचा, वरच्या मजल्यावरचं कोणीतरी रविवारी कराओके गायचं, आणि एसीची घरघर तर चोवीस तास. आई मूळची सावंतवाडीकडची. तिला सिंगापुरातलं सगळं आवडायचं, नळाला चोवीस तास पाणी, फुटपाथ, पपया. फक्त माणसांशी बोलायची वेळ आली की ती माझ्यामागे सरकायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर ती दारावरच्या आकड्यांकडे असं टक लावून बघत राही की जणू ते आकडे तीच बदलते आहे. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दोन वर्षांत तिचा आवाजसुद्धा माहीत झाला नव्हता. घरात मात्र ती अखंड गात असे, भाजी निवडताना, इस्त्री करताना, कशावरही.

तळमजल्यावर इंग्रिड आंटी राहायच्या. स्वीडनच्या. उंच, लालबुंद, आणि शिस्तीच्या बाबतीत आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या वरताण. त्यांना दोन लहान मुलगे होते आणि मुलगी नव्हती, हे या गोष्टीत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी स्विमिंग पूलपाशी आम्हा मुलींना गोळा केलं आणि जाहीर केलं की आपण लुसियाचा सण करायचा. तेरा डिसेंबरला पहाटे, सगळीकडे काळोख असताना, पांढरा झगा आणि कमरेला लाल पट्टा बांधलेली एक मुलगी डोक्यावर खऱ्या जळत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालून गात येते. तिच्यामागे बाकीच्या मुली हातात एकेक मेणबत्ती घेऊन. लोकांना उठवायचं, केशर घातलेले पाव आणि आल्याची बिस्किटं वाटायची.

"डोक्यावर? खऱ्या?" मी विचारलं.

"खऱ्या," इंग्रिड आंटी म्हणाल्या.

मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये हुई मिन नावाची माझ्याच वर्गातली मुलगी होती. उंच, वर्गाची मॉनिटर, गाण्यात पहिली. निवड झाली असती तर तिचीच झाली असती. म्हणून निवड होऊ द्यायची नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं. पावांसाठी चांगलं केशर कुठे मिळेल याची चिंता इंग्रिड आंटी करत होत्या. सुपरमार्केटमधलं केशर म्हणजे रंगवलेला भुसा आहे, असं त्यांचं मत होतं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, अस्सल काश्मिरी केशर मी आणते, हवं तेवढं, तुमच्याकडून एक पैसा नको. फक्त मुकुट माझ्या डोक्यावर. आंटींनी हात पुढे केला आणि आम्ही हस्तांदोलन केलं. आमच्यामध्ये कराराची भाषा स्पष्ट होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

शनिवारी आईला घेऊन मी लिटिल इंडियात गेले. सेरंगून रोडच्या आतल्या एका गल्लीत मसाल्याचं दुकान होतं. दुकानदार तमिळ, पण हिंदी बोलायचा. त्याने काचेच्या कपाटातून डबी काढली. मी केशराची एक काडी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि "ये तो पुराना है" म्हटलं. तो भडकला. मी त्याच्याहून जास्त भडकले. आई मागून माझी वेणी ओढत होती आणि "मेघे, पुरे, लोक बघतायत" असं पुटपुटत होती. शेवटी तो म्हणाला, "अम्मा, इस लडकी की शादी कर दो, मेरा दुकान बचेगा." आई हसली, तोही हसला, आणि तो बेसावध असताना मी उरलेला भाव पाडला. वर वेलदोडे फुकट घेतले. ते पैसे माझ्या साठवलेल्या पॉकेटमनीतले होते, म्हणून सांगते की मोबदला मी स्वतः दिला, घरच्यांनी नाही.

मग पंधरा दिवस तालीम. इंग्रिड आंटींच्या दिवाणखान्यात पडदे ओढलेले, एसी इतका खाली आणलेला की आम्ही मुली शाली पांघरून बसायचो. सोफ्यावर लोकरी पांघरूण, दारावर हिरव्या फांद्यांचं कडं, आणि पडदा बाजूला केला की बाहेर नारळाची झाडं आणि घामेजलेला पोस्टमन. "हिवाळा असल्याशिवाय हा सण कळत नाही," आंटी म्हणायच्या. एकदा पाव मळायला आईही आली. म्हणजे मी तिला ओढून आणली, कारण एवढी कणीक मला मळवत नव्हती. आई मळत होती, आंटी बोलत होत्या आणि मी मध्ये बसून दोन्हीकडचं इकडून तिकडे करत होते.

आंटी सांगत होत्या की लुसिया ही ख्रिस्ती संत खरी, पण ती रात्र तिच्याही आधीची आहे. जुन्या पंचांगात तीच वर्षातली सगळ्यात मोठी रात्र मानली जायची. त्या रात्री लुस्सी नावाची एक भयंकर बाई आपली भुतावळ घेऊन आकाशातून फिरायची. घरात अंधार दिसला, कामं अर्धवट राहिलेली दिसली की धुराड्यातून आत यायची. म्हणून लोक दिवे लावून जागे राहायचे, गुरांनासुद्धा जास्तीचा चारा द्यायचे. सूर्य परत यायचं विसरेल अशी भीती वाटायची, त्यासाठी मोठमोठे ओंडके पेटवायचे. मग चर्च आलं, त्याने त्या रात्रीला संतीण दिली, आणि जाळ होता तो मेणबत्त्यांवर आला. सण राहिला तो राहिलाच.

मी हे सगळं आईला सांगितलं. आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "म्हणजे नरकचतुर्दशीच की. राक्षस, पहाट, दिवे. राक्षसाच्या जागी राक्षसीण." मग म्हणाली, "तिला विचार, इथे सगळ्यात मोठी रात्र कोणती? इथे तर रोज सातलाच अंधार पडतो."

मी विचारलं. इंग्रिड आंटी मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच मला कॅलेंडर बघावं लागतं. इथे सूर्य कधी घाबरवतच नाही."

आई मान डोलवत कणीक मळत राहिली आणि माझं लुसियाचं गाणं गुणगुणायला लागली. घरी मी रोज तेच घोकायचे, स्वीडिश शब्द देवनागरीत लिहून. ते आईला कधी पाठ झालं मला कळलंही नाही. फक्त आईच्या तोंडी ते थोडं बदललं होतं. ओळीच्या शेवटी ती एक गिरकी घ्यायची. मी तिला सांगितलंही, "आई, तिकडे असं नसतं." ती म्हणाली, "मग काय बिघडलं? जरा गोड लागतं."

बाबांना मुकुटाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली न करताच सांगितलं, "इन्शुरन्समध्ये हे बसत नाही."

आता मुख्य सकाळ. पहाटेचा सण, दिव्यांचा सण, राक्षसीण मारायचा सण. आईच्या दृष्टीने पुढचं सगळं ओघानेच आलं. तिने मला साडेचारला उठवलं. बाथरूममध्ये पाट मांडलेला, वाटीत गरम केलेलं खोबरेल, दिवाळीतून उरलेलं उटणं. मी अर्धवट झोपेत होते. डोक्यावर कोमट तेलाची धार पडली, आईचे अंगठे कानामागे फिरायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, जगात त्याहून सुखाची गोष्ट मला आजही माहीत नाही. मी डोळे मिटून बसले. उटण्याने अंगाचं तेल निघालं, केसांना मात्र आईने शाम्पू लावू दिला नाही. "सणाच्या दिवशी कसला फेस?" वर विंचरताना पुन्हा तेलाचा हात फिरवला, कारण कोरडे भुरे केस घेऊन देवीच्या रूपात कोण जातं? मी आरशात पाहिलं. वेणी अशी चमकत होती की तिच्यात ट्यूबलाइट दिसत होती. मला वाटलं, हुई मिनने आता बघावंच.

खाली इंग्रिड आंटींच्या घरी सगळ्या जमल्या होत्या. पांढरे झगे, कॉफीचा वास, ताटांत केशरी पाव, पिळदार, प्रत्येकाच्या वेटोळ्यात एकेक बेदाणा. माझा झगा, माझा लाल पट्टा. आंटींनी ओला रुमाल घडी करून माझ्या डोक्यावर ठेवला, मेण ओघळून भाजू नये म्हणून, आणि त्यावर मुकुट. मुकुट घसरून नाकावर आला. त्यांनी तो मागे सारला. तो डाव्या कानावर गेला. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, आपल्या तळव्याकडे पाहिलं आणि तळवा नाकाशी नेला.

"मेघा, हे काय आहे?"

"खोबरेल."

"डोक्यावर?"

"मग कुठे लावतात?"

"आणि मी यावर सात मेणबत्त्या पेटवणार होते," इंग्रिड आंटी अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा लालबुंद चेहरा झग्यापेक्षा पांढरा झाला होता.

पुढचा अर्धा तास मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. केस पुन्हा धुते म्हटलं, वेळ नव्हता. रुमालाऐवजी टॉवेल लावा म्हटलं, मुकुट बसेना. करार आहे म्हटलं, हस्तांदोलन झालंय म्हटलं, पाव खाताय ते कोणाच्या केशराचे म्हटलं. आंटींनी बालवाडीच्या मुलांसाठी आणलेला बॅटरीचा मुकुट पुढे केला. मी तो सोफ्यावर भिरकावला. बॅटरीचा! मी काय खेळणं होते? (आज मी बॅटरीच्या मेणबत्त्या कंटेनरने मागवते. धंदा वेगळा, मुकुट वेगळा.)

मग आंटी हुई मिनकडे वळल्या. हुई मिन दोन पावलं मागे सरली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नो लाह, आंटी! हर हेअर कॅन बर्न, माय हेअर ऑल्सो कॅन बर्न. आय होल्ड वन कॅन्डल, इनफ." त्या क्षणी मला ती आयुष्यात पहिल्यांदा आवडली.

तेवढ्यात दारात आई येऊन उभी राहिली. बेसनाच्या लाडवांचा डबा द्यायला आली होती, कारण नुसत्या पावावर कोणाचं भागणार? आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता, त्यामुळे ती डोक्यावरून न्हायली होती. अंगावर सण म्हणून नेसलेली पूजेची पांढरी, लाल काठाची साडी, आणि माझी वेणीफणी करण्याच्या गडबडीत स्वतःचे केस बांधायचे राहिलेले. कमरेपर्यंत, कोरडे, मोकळे. इंग्रिड आंटींनी तिच्याकडे पाहिलं. पांढरं, लाल आणि केस. त्यांच्या मनातलं मला सगळ्यांच्या आधी कळलं.

"मेघा, आईला विचार, आज लुसिया ती होईल का?"

आईने मला विचारलं, "काय म्हणते ती?"

"तुझे केस छान आहेत म्हणते," मी म्हणाले.

पण हुई मिन कामाची पोरगी. तिने सरळ मुकुट उचलला, आईच्या डोक्याकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही हातांनी ज्वाळा करून दाखवल्या. आईने आधी तोंडावर पदर घेतला. "अगं बाई, मी? या वयात?" मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तेलाकडे पाहिलं. तिला झाला प्रकार समजला, तिचा चेहरा पडला, आणि क्षणभर मला वाटलं की आता ती पळणार, लिफ्टमध्ये जाऊन आकड्यांकडे बघत उभी राहणार. पण बाकीच्या मुली रडवेल्या झाल्या होत्या आणि इंग्रिड आंटी हात जोडायला नुकत्याच शिकल्यासारख्या उभ्या होत्या. आई म्हणाली, "डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढलेय मी. हे एवढंसं काय."

मुकुट तिच्या डोक्यावर जो बसला तो हललाच नाही. माझा लाल पट्टा तिच्या साडीवरून बांधला गेला. माझ्या डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून मला रांगेत सगळ्यात मागे उभं केलं, हातात एक मेणबत्ती देऊन.

जिन्यातले दिवे हमीद अंकलनी बंद केले. ते आमचे सिक्युरिटी. पाण्याची बादली घेऊन ते सगळ्यांत पुढे आणि त्यांच्यामागे आई. आधी तिचा आवाज बारीक होता. पहिल्या मजल्यावर एक दार उघडलं, पायजम्यातला एक चिनी म्हातारा बाहेर आला आणि पाहतच राहिला. दुसऱ्या मजल्यावर आई खुलली. ओळीच्या शेवटी तिची ती गिरकी जिन्यात वरपर्यंत गेली. इंग्रिड आंटींकडे मी पाहिलं, कारण मला वाटलं आता तरी त्या चूक काढतील. त्या डोळे पुसत होत्या. तिसऱ्या मजल्यावर पोरंबाळं, मोलकरणी, एक कुत्रा, सगळे दारांत उभे. आई प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत, हसत, पाव घ्या म्हणून हाताने खुणावत होती. मुकुटाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता आणि मान मात्र स्थिर. मी मागे टॉवेलमध्ये धुमसत होते. मेणाचे थेंब माझ्या बोटांवर पडत होते तेही मला कळत नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर गाणं संपलं. बिल्डिंगच्या ऑफिसने परवानगी तिथपर्यंतच दिली होती. इंग्रिड आंटी मेणबत्त्या विझवायला पुढे झाल्या. आईने हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या आईने, जी लिफ्टमध्ये खोकतसुद्धा नसे. मान न हलवता ती मला म्हणाली, "मेघे, तिला सांग ना, अजून एक मजला. एकच. मेणबत्त्या अजून बऱ्याच आहेत."

मला सूड घ्यायचा असता तर याहून सोपी संधी नव्हती. ती दमली म्हणते, एवढं म्हणायचं होतं. बिल्डिंगमध्ये कोणालाही कळलं नसतं. मी टॉवेल मागे सारला, रांग ओलांडून पुढे आले आणि हमीद अंकलपुढे उभी राहिले.

"अंकल, दहाव्या मजल्यापर्यंत जायचंय."

"टेन? कॅनॉट लाह! मॅनेजर से, थ्री ओन्ली."

"मॅनेजर झोपलेत. आणि तुमच्याकडे बादली आहे. भरलेली."

"टेन व्हेरी विंडी, गर्ल."

"मग आठ."

"फोर."

"चार? चारसाठी मी इथे तुमच्याशी बोलतेय? त्या बाईंच्या डोक्यावर आग आहे, अंकल, आणि तुम्ही घासाघीस करताय?"

अंकल हसायला लागले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "सिक्स. आफ्टर दॅट आय पोअर वॉटर. मॅनेजर आस्क, आय नेव्हर सी."

"सहा," मी लगेच म्हणाले. सहाव्यावर आम्ही राहत होतो.

"काय ठरलं?" आईने विचारलं.

"सहावा. आपल्या मजल्यापर्यंत."

आईने पदर खोचला, साडी टाचांवर उचलली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी तिच्या अगदी शेजारून चढायला लागले, तशी ती समोरच बघत, गाण्याचा पहिला सूर लावता लावता म्हणाली, "तू मागे हो बाई. तेल आहे तुझ्या डोक्याला."